गोष्टीतला क्ष

बीजगणितातले शाब्दिक उदाहरण म्हणजे गोष्टीच्या पोटात दडवलेले समीकरण. ‘आईचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे, दोघींच्या वयांची बेरीज ४८ आहे, तर प्रत्येकीचे वय किती?’ हा त्याचा नेहमीचा नमुना. ते सोडवताना तीन टप्पे ओलांडावे लागतात. आधी गोष्ट वाचून तिच्यात काय चालले आहे ते समजून घ्यायचे. मग ते चिन्हांत लिहायचे. शेवटी समीकरण सोडवून आलेले उत्तर पुन्हा गोष्टीत नेऊन बसते का ते पाहायचे. शाळेत सर्वाधिक सराव होतो तो समीकरण सोडवण्याचा. मुले अडखळतात ती बहुधा त्याच्या अलीकडे, गोष्टीतून चिन्हाकडे जाताना.

बालभारतीच्या पुस्तकांतून समीकरणांची तोंडओळख सहावीत होते, आठवीत एकचल समीकरणे येतात आणि नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणे. म्हणजे अकरा ते चौदा या वयात मूल अंकगणितातून बीजगणितात पाऊल टाकते. अंकगणितात माहीत असलेल्या संख्यांपासून सुरुवात करून माहीत नसलेल्या संख्येपर्यंत पोचायचे असते. बीजगणितात माहीत नसलेल्या संख्येलाच आधी नाव द्यायचे आणि ती जणू हाती आली आहे अशा थाटात पुढे जायचे. ही उलटी चाल मुलांना ओढ लावणारीही होऊ शकते आणि दडपण आणणारीही. कोणत्या प्रकारच्या गोष्टीतून ती शिकवली जाते, यावर ते बरेचसे ठरते.

अडते कुठे?

शाब्दिक उदाहरण समोर आले की वर्गात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘हे बेरजेचं आहे की वजाबाकीचं?’ गोष्ट समजून घेण्याआधी क्रिया ठरवून टाकायची घाई त्या प्रश्नात असते. ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसले की भागाकार, अशी खुणेच्या शब्दांची युक्ती प्राथमिक वर्गांत चालून जाते. पुढे ती दगा देते. ‘रमाने आपल्याकडच्या बोरांपैकी ८ बोरे भावाला दिली, तेव्हा तिच्याकडे १५ उरली. सुरुवातीला किती होती?’ इथे ‘उरली’ हा शब्द पाहून १५ मधून ८ वजा केले की उत्तर ७ येते. ८ बोरे भावाला देऊन झाली, तिच्याजवळ अजून १५ आहेत, आणि तरी मुळात होती ७ च, हे विचित्र आहे. ते खटकायला गोष्ट डोळ्यांपुढे उभी राहावी लागते, आणि ती उभीच राहिलेली नसते.

फ्रान्समधल्या ग्रनोबल येथील गणित अध्यापन संशोधन संस्थेने १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या मुलांना एक मुद्दाम निरर्थक प्रश्न विचारला : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या संख्या वापरून उत्तर काढून दाखवले. ‘कप्तानाचे वय’ हा पुढे गणितशिक्षणातला वाक्प्रचारच झाला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते की, एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर १,१२८ सैनिकांना किती बस लागतील? भागाकार बहुतेकांचा बरोबर होता : ३१ पूर्ण आणि बाकी १२. पण ३२ हे उत्तर देणारे २३ टक्केच निघाले. २९ टक्के मुलांनी ‘३१, बाकी १२’ इतक्या बस मागवल्या. १८ टक्क्यांनी ३१ लिहून १२ सैनिकांना रस्त्यावरच सोडले.

या मुलांना भागाकार येत होता. शाळेतल्या गणिताच्या गोष्टीत अर्थ शोधायचा नसतो, आकडे उचलायचे असतात, हा धडाही त्यांनी नीट गिरवला होता. म्हणून शाब्दिक उदाहरण रंजक करायचे तर आधी ते अर्थपूर्ण करावे लागते.

भाषेची वाट

पुढची अडचण वाक्याच्या घडणीत असते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत’ हे विधान समीकरणात लिहायला सांगितले, तेव्हा ३७ टक्के विद्यार्थी चुकले. चुकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी समीकरण नेमके उलटे मांडले होते, म्हणजे विद्यार्थिसंख्येला सहाने गुणून ती प्राध्यापकांच्या संख्येइतकी ठेवली होती. हे सगळे विद्यापीठातले, अभियांत्रिकीकडे वळलेले तरुण होते. त्यांच्या डोळ्यांपुढे एक प्राध्यापक आणि त्याच्यासमोर बसलेले सहा विद्यार्थी असे चित्र होते. ते चित्र त्यांनी जसेच्या तसे उतरवून काढले.

मराठीत हेच विधान दोन तऱ्हांनी सांगता येते आणि दोन्हींचा परिणाम वेगळा होतो. ‘एका शिक्षकामागे सहा विद्यार्थी’ म्हटले की तेच फसवे चित्र उभे राहते. ‘विद्यार्थी हे शिक्षकांच्या सहापट आहेत’ म्हटले की वाक्यच समीकरणाचा क्रम सांगते : विद्यार्थिसंख्या बरोबर शिक्षकसंख्या गुणिले ६. शब्दयोगी अव्यये आणि विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून येत असल्यामुळे मराठीला अशा जागी एक सोय आपसूक मिळाली आहे. ‘एका संख्येपेक्षा ७ ने कमी’ हे शब्द डावीकडून उजवीकडे उतरवत गेले की क्ष − ७ तयार होते. इंग्रजीत हेच ‘सेव्हन लेस दॅन अ नंबर’ असे उलट्या क्रमाने येते आणि मूल ७ − क्ष लिहून मोकळे होते.

सेमी-इंग्रजी वर्गांत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. तिथे गणित इंग्रजीतून असते आणि मुलांची समज मराठीतून चालते. अशा वर्गात उदाहरण आधी मराठीत, शक्य तर घरच्या बोलीत, गोष्टीसारखे सांगून घ्यावे आणि मग पुस्तकातले इंग्रजी वाक्य वाचावे. त्यामुळे गणिताची अडचण कुठली आणि भाषेची कुठली, हे शिक्षकालाही वेगळे दिसते.

मराठीतही खाचखळगे आहेतच. ‘७ मधून संख्या वजा केली’ आणि ‘संख्येतून ७ वजा केले’ या दोन वाक्यांतला सारा फरक ‘मधून’ आणि ‘तून’ कुठे लागले यावर आहे. ‘तिपटीपेक्षा ४ ने जास्त’ आणि ‘४ ने वाढवलेल्या संख्येची तिप्पट’ यांत तर कंसाचा फरक आहे. पहिले ३क्ष + ४, दुसरे ३(क्ष + ४). अशा जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहून, क्षच्या जागी १० ठेवून पाहायला सांगितले की एकीचे ३४ आणि दुसरीचे ४२ येतात. दोन वाक्यांचा अर्थ एक नाही, हे मुलांना आकड्यांतून पटते.

गोष्ट ओझे की आधार?

शाब्दिक उदाहरण कोऱ्या समीकरणापेक्षा अवघड, हा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेत केनेथ कोएडिंगर आणि मिचेल नॅथन यांनी तो तपासून पाहिला. शिक्षकांचा अंदाज समजाप्रमाणेच होता. विद्यार्थ्यांनी मात्र साध्या स्वरूपाची उदाहरणे गोष्टीच्या रूपात जास्त चांगली सोडवली आणि तीच गणिते नुसत्या समीकरणाच्या रूपात आल्यावर ते जास्त चुकले. गोष्ट ओळखीची असेल तर मूल उलट दिशेने हिशेब करते, अंदाज बांधून पाहते, स्वतःची वाट काढते. कोऱ्या समीकरणात त्याच्या हाताशी फक्त नियम असतात, आणि नियम विसरला की सगळेच थांबते.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८० च्या दशकात झालेला अभ्यासही हेच सुचवतो. रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलाला १० नारळांची किंमत विचारली. एका नारळाची किंमत ३५ क्रुझेरो होती. त्याने ३ नारळांचे १०५, आणखी तिनांचे मिळून २१०, आणखी तिनांचे ३१५ आणि एकाचे ३५ असे जोडत ३५० हे उत्तर दिले. हीच मुले अशीच गणिते कागदावर, शाळेच्या पद्धतीने करताना पुष्कळदा चुकत. कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला. त्यातही हेच दिसले : बाजारातला गुंतागुंतीचा हिशेब तोंडी करणारी मुले शाळेच्या साच्यातल्या गणितांपाशी अडली, तर शाळेत चांगले गणित करणारी मुले बाजारातल्या हिशेबापाशी. जगण्यातले गणित आणि वहीतले गणित यांच्यामध्ये पूल आपोआप बांधला जात नाही. शाब्दिक उदाहरण हा तो पूल होऊ शकतो. मात्र त्यासाठी गोष्टीला खरे काम द्यावे लागते.

सजावट आणि गरज

उदाहरण रंजक करण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उपयोगाचा उपाय म्हणजे नावे बदलणे. बोरांच्या जागी चॉकलेटे आली, रमाच्या जागी लाडका क्रिकेटपटू आला, तरी विचारलेली संख्या कुणाला कशासाठी हवी आहे, हे कळत नाही. ‘एका संख्येची पाचपट आणि १२ यांची बेरीज’ याला मोबाइलच्या खेळाचे कपडे घातले म्हणून मुलाचे कुतूहल जागे होत नाही. मुलांना अशी मलमपट्टी लगेच कळते.

उत्तर हवेसे वाटते ते निर्णय अडलेला असतो तेव्हा. शाळेची सहल हे त्याचे जवळचे उदाहरण. समजा, दोन बसमालकांनी दर दिले आहेत. पहिल्याचे ठरीव भाडे ४,२०० रुपये आणि वर किलोमीटरला १२ रुपये. दुसऱ्याचे ठरीव भाडे १,६०० रुपये आणि किलोमीटरला २० रुपये. कुणाची बस घ्यावी? वर्गात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो ४,२०० फार झाले, दुसरा म्हणतो किलोमीटरला २० फार झाले. दोघेही अर्धे बरोबर असतात, कारण जायचे कुठे हे अजून कुणी विचारलेलेच नसते.

मग तक्ता मांडावा. १०० किलोमीटरला पहिली बस ५,४०० रुपये घेते आणि दुसरी ३,६००. २०० ला ६,६०० आणि ५,६००. ३०० ला ७,८०० आणि ७,६००. ४०० ला ९,००० आणि ९,६००. म्हणजे ३०० आणि ४०० च्या मध्ये कुठेतरी पारडे फिरते. नेमके कुठे? इथवर येईपर्यंत प्रश्न शिक्षकांचा राहिलेला नसतो, वर्गाचा झालेला असतो. एकेक किलोमीटर तपासत बसायचा कंटाळा येतो आणि त्या क्षणी क्ष कामाला येतो : ४,२०० + १२क्ष = १,६०० + २०क्ष. दोन्ही बाजूंची आवराआवर केली की २,६०० = ८क्ष, म्हणून क्ष = ३२५. पुण्याहून महाबळेश्वरला जाऊन-येऊन सुमारे २४० किलोमीटर होतात, म्हणून तिथे दुसरी बस ६८० रुपयांनी स्वस्त. कोकणातल्या ६०० किलोमीटरांच्या फेरीला मात्र पहिली बस २,२०० रुपयांनी स्वस्त. दोन्ही तट आपापल्या सहलीपुरते जिंकतात.

या उदाहरणात चार गोष्टी साधल्या आहेत. प्रश्न आकड्यांच्या आधी आला. आकडे खऱ्या व्यवहारात शोभतील असे आहेत. दोन पर्यायांची तुलना असल्यामुळे समीकरणाला दोन बाजू का असतात, हे आपोआप उलगडले. आणि अक्षर आले ते अंकगणित थकल्यावर. मोबाइलचे रिचार्ज, घरच्या टाकीचे पाणी, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा जमाखर्च, स्नेहसंमेलनाच्या मंडपाचे भाडे, सायकल भाड्याने घ्यावी की विकत, अशा कितीतरी प्रसंगांत हाच सांगाडा सापडतो.

भास्कराचार्यांचे भुंगे

गणित गोष्टीतून विचारण्याची चाल फार जुनी आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या ऱ्हाइंड पपायरसात अज्ञात संख्येसाठी जो शब्द आहे, त्याचा अर्थ ‘ढीग’ असा लावतात. ढीग आणि त्याचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर ढीग केवढा, असा तो प्रश्न. मराठीतली ‘राशी’ही मुळात धान्याच्या राशीचीच बहीण. ‘बैजिक राशी’ हा शब्द मुलांना परका वाटतो तेव्हा खळ्यावरची, अजून न मोजलेली रास दाखवून तो आपलासा करता येतो.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. तिच्यातली उदाहरणे कुणाला तरी उद्देशून, लाडिकपणे विचारलेली आहेत. त्यांत मोर आणि साप, तळ्यातले कमळ, तुटलेला बांबू अशी दृश्ये येतात. भुंग्यांचे उदाहरण त्यांत विशेष गाजलेले. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्रावर आणि या दोन भागांतल्या फरकाची तिप्पट कुड्याच्या फुलांवर. एक भुंगा मात्र केवडा आणि मालती यांच्या गंधात सापडून हवेतच घुटमळत राहिला. तर भुंगे एकूण किती?

सातवीच्या मुलांना हे उदाहरण क्षशिवायही सोडवता येते आणि ती पद्धतही लीलावतीतच आहे : इष्टकर्म. मनाला येईल ती सोयीची संख्या धरायची. समजा थवा ३० भुंग्यांचा. पाचवा भाग ६, तिसरा भाग १०, फरक ४ आणि त्याची तिप्पट १२. तिन्ही मिळून २८ झाले, उरले २. गोष्टीत उरला आहे १, म्हणजे धरलेल्याच्या निम्मा. म्हणून थवाही निम्मा : १५. पडताळा घेतला तर ३, ५ आणि ६ मिळून १४, आणि एक घुटमळणारा. चुकीच्या अंदाजातून बरोबर उत्तर हाती येते, याचे मुलांना भारी नवल वाटते. सगळे भाग थव्याच्याच प्रमाणात असल्यामुळे ही युक्ती इथे चालते. ‘कदंबावर आणखी ४ भुंगे गेले’ असे गोष्टीत घातले की ती लगेच बिघडते. ती का बिघडली, हे शोधताना समीकरणाची गरज पुन्हा पुढे येते.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात घोड्यांचे उदाहरण आहे. एकाजवळ ३०० नाणी आणि ६ घोडे. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे १० घोडे, पण डोक्यावर १०० नाण्यांचे कर्ज. दोघांची मालमत्ता सारखीच, तर घोड्याची किंमत काय? ६क्ष + ३०० = १०क्ष − १००, म्हणून घोडा १०० नाण्यांचा. धन आणि ऋण हे मराठी गणितातले शब्द मुळात संपत्ती आणि कर्ज, हे या एका गोष्टीतून स्पष्ट होते. उणे चिन्ह घाबरवत नाही, कारण कर्ज म्हणजे काय हे मुलांना घरी कानावर पडलेले असते. या ग्रंथात अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी नावे आहेत आणि त्यांची पहिली अक्षरे चिन्हे म्हणून वापरली आहेत. दोन अज्ञात असलेले उदाहरण शिकवताना निळा आणि पिवळा खडू वापरणे ही त्याच परंपरेतली युक्ती. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ मध्ये मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्यामुळे ही उदाहरणे महाराष्ट्रातल्या मुलांच्या शेजारचीच म्हणावी लागतील.

पिशवी, पट्टी आणि तक्ता

गोष्टीतून एकदम अक्षरावर उडी मारायला लावण्यापेक्षा मध्ये पायऱ्या असाव्यात. पहिली पायरी हाताळता येणारी वस्तू. ‘मनात एक संख्या धर, दुप्पट कर, त्यात १० मिळव, निम्मे कर, मूळ संख्या वजा कर, उत्तर ५!’ हा खेळ मुलांना माहीत असतो, पण तो का जमतो हे माहीत नसते. एक बंद पिशवी म्हणजे मनातली संख्या आणि एक चिंचोका म्हणजे एक, असे धरावे. दुप्पट केल्यावर टेबलावर दोन पिशव्या येतात. १० मिळवल्यावर त्यांच्याजवळ १० चिंचोके. निम्मे केल्यावर एक पिशवी आणि ५ चिंचोके. मूळ संख्या वजा करायची म्हणजे ती पिशवी उचलायची. उरतात ५ चिंचोके. पिशवीत किती आहेत हे कुणी उघडून पाहिलेले नसते, तरी उत्तर निश्चित असते. ‘क्ष’ म्हणजे ती न उघडलेली पिशवी.

दुसरी पायरी चित्र. सिंगापूरच्या शाळांनी १९८० च्या दशकापासून पट्ट्यांची पद्धत रूढ केली. ‘आईचे वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त, दोघींच्या वयांची बेरीज ५२’ हे उदाहरण घ्यावे. मुलीची एक पट्टी काढायची. तिच्याखाली आईच्या तेवढ्याच तीन पट्ट्या आणि पुढे ४ चा छोटा तुकडा. सगळे मिळून ५२. तुकडा काढून टाकला की चार सारख्या पट्ट्यांचे ४८, म्हणून एक पट्टी १२. मुलगी १२ वर्षांची, आई ४० ची. मुलाने नुकतेच ४क्ष + ४ = ५२ हे समीकरण सोडवले आहे, फक्त ते अजून लिहिलेले नाही. मग प्रत्येक कृतीसमोर तिची ओळ लिहायला सांगायची.

तिसरी पायरी तक्ता. डोकी आणि पायांचे गणित प्राचीन चीनमधल्या सुन् त्झू यांच्या गणितग्रंथात आढळते. तिथे फेझंट पक्षी आणि ससे आहेत, इथे कोंबड्या आणि शेळ्या घेऊ. डोकी ३५, पाय ९४. सगळ्या कोंबड्याच धरल्या तर पाय ७०. एक कोंबडी काढून शेळी आणली की ७२, आणखी एक आणली की ७४. दर बदलाला दोन पाय वाढतात. एकूण २४ वाढवायचे आहेत, म्हणून शेळ्या १२ आणि कोंबड्या २३. एखादे मूल हेच वेगळ्या तऱ्हेने सांगते : सगळ्या शेळ्यांना पुढचे दोन पाय उचलायला लावले तर जमिनीवर ७० पाय राहतील, म्हणजे हवेतले २४ पाय शेळ्यांचे. आता शेळ्यांना क्ष मानले तर ४क्ष + २(३५ − क्ष) = ९४. कंस सोडवला की २क्ष + ७० = ९४. मुलांना तेच ७०, तेच २४ आणि तेच १२ पुन्हा भेटतात. त्यांनी तोंडी केलेला विचारच समीकरणाने लिहून ठेवलेला असतो.

क्ष कशाला मानायचे?

अक्षर निवडताना एक छोटी चूक फार महाग पडते. वहीसाठी ‘व’ घेतला की ३व म्हणजे ‘तीन वह्या’ असे मूल वाचते. खरे तर ‘व’ म्हणजे एका वहीची किंमत आणि ३व म्हणजे तीन वह्यांची एकूण किंमत. अक्षर वस्तूचे टोपणनाव नसते, ते संख्येच्या जागी उभे असते. प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या उदाहरणातला घोटाळाही याच गल्लतीतून होतो. म्हणून ‘एका वहीची किंमत क्ष रुपये मानू’ हे वाक्य एककासकट पूर्ण लिहून घ्यावे. पुष्कळ मुले त्या ओळीला गुण मिळवण्यापुरता उपचार समजतात. सबंध उदाहरणात विचार करून लिहायची ओळ हीच असते.

आकडे झाकून उदाहरण वाचणे हाही चांगला सराव. ‘शाळेच्या बागेत काही रोपे लावली. काही जळून गेली. उरलेली सारख्या वाफ्यांत विभागली.’ यात एकही संख्या नाही, त्यामुळे घाईने बेरीज-वजाबाकी करायला काही हाती लागत नाही. मुलांनी आधी गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची, मग या गोष्टीवर कोणकोणते प्रश्न विचारता येतील ते सुचवायचे आणि त्यानंतर आकडे उघडायचे. कप्तानाचे वय काढणारी सवय मोडायला हा उपाय सोपा आहे.

गोष्ट मुलांनी रचावी

उलटी दिशाही तितकीच रंगते. फळ्यावर ३क्ष + २० = ११० लिहायचे आणि गटागटाने त्याची गोष्ट रचायला सांगायची. कुणी तीन वह्या आणि २० रुपयांचे पेन घेते. कुणी रिकाम्या २० किलोच्या हातगाडीवर तीन सारखी पोती लादते. मग गट एकमेकांच्या गोष्टी तपासतात. ‘तीन मुलांनी प्रत्येकी २० रुपये दिले’ अशी गोष्ट पुढे आली तर ती या समीकरणाची नव्हे, हे वर्गातलेच कुणीतरी दाखवून देते. चर्चा आपोआप कंसापर्यंत जाते.

पुढचे समीकरण ४क्ष + ६ = ५६ द्यावे. उत्तर १२.५. ज्यांनी क्षला दुधाचे लिटर किंवा रुपये मानले, त्यांची गोष्ट टिकते. ज्यांनी एका बाकावरची मुले मानली, त्यांना साडेबारा मुले बसवावी लागतात. हशा पिकतो आणि त्या हशातच एक महत्त्वाचा धडा असतो : गोष्ट बदलली की कोणते उत्तर चालेल, हेही बदलते.

उत्तराची परतफेरी

जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात गणित सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : प्रश्न समजून घेणे, बेत आखणे, बेत तडीस नेणे आणि मागे वळून पाहणे. वर्गात सर्वांत आधी गळते ती चौथी. ‘क्ष = ३२’ लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारली की काम संपले, असे मानले जाते.

मागे वळून पाहण्यात गंमत आहे हे दाखवायला वयाचे एक उदाहरण पुरते. वडील ४० वर्षांचे, मुलगा १६ चा. किती वर्षांनी वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट होईल? ४० + क्ष = ३(१६ + क्ष). सोडवले की क्ष = −४. बरीच मुले इथे चूक शोधत बसतात, काही जण उणे चिन्ह हळूच पुसून टाकतात. पण उत्तर बरोबर आहे. ‘उणे चार वर्षांनी’ म्हणजे चार वर्षांपूर्वी. तेव्हा वडील ३६ चे होते आणि मुलगा १२ चा. प्रश्न भविष्याचा विचारला होता, समीकरणाने भूतकाळाकडे बोट दाखवले. पुढे वडिलांचे वय मुलाच्या तिप्पट कधीच होणार नाही, हेही त्या उत्तरात आहे. कारण वयांतला फरक २४ वर्षेच राहतो आणि मुलाचे वय मात्र वाढतच जाते.

तासिकेचे आणि गुणांचे गणित

या सगळ्याला वेळ लागतो, आणि तासिका जेमतेम ३५-४० मिनिटांची असते. त्यामुळे रोज सहलीच्या बससारखे लांब उदाहरण घेणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. घटकाच्या सुरुवातीला असे एक उदाहरण तब्येतीत घ्यावे, मधल्या तासांत पट्ट्या आणि तक्त्यांवर छोटी उदाहरणे सोडवावीत आणि शेवटी एक तास मुलांनी रचलेल्या गोष्टींना द्यावा. दहा उदाहरणे एकदा करण्यापेक्षा एकच उदाहरण इष्टकर्म, पट्टी आणि समीकरण अशा तीन वाटांनी सोडवले, तर चिन्हे कशाच्या बदल्यात आली आहेत हे मुलांना जास्त स्पष्ट दिसते.

समीकरणे सोडवण्याचा कोरा सरावही टाळता येत नाही. पद बाजू बदलताना चिन्हाचे काय होते, यात चाचपडणाऱ्या मुलाला चांगली गोष्टही शेवटपर्यंत नेता येत नाही. शिवाय प्रत्येक उदाहरण व्यवहारातलेच असावे असेही नाही. भुंग्यांचा थवा कुणी मोजायला जात नाही आणि शेळ्या पुढचे पाय उचलून उभ्या राहत नाहीत. कोडे म्हणून ती उदाहरणे मुलांना धरून ठेवतात, कारण त्यांतली न दिसणारी संख्या शोधून काढावीशी वाटते.

गुण देताना ‘क्ष मानू’ची ओळ, समीकरण, उकल आणि गोष्टीत परत ठेवलेले उत्तर या चारही गोष्टींचा वाटा ठेवला, तर मुले चारही गोष्टींकडे लक्ष देतात. आकडेमोडीत घसरलेल्या पण समीकरण नीट मांडलेल्या मुलाला पुष्कळसे गुण मिळायला हवेत. ज्याने ३१ बस आणि १२ सैनिक बाकी ठेवले, त्याला भागाकाराचे गुण द्यावेत आणि ते १२ जण कशाने जाणार, हेही विचारावे.